आमची वाटचाल : उरलेल्या चार्जचा हिशेब

२०१७ च्या अखेरीस दक्षिण ऑस्ट्रेलियातील हॉर्न्सडेल येथे १०० मेगावॉट क्षमतेचा आणि १२९ मेगावॉट-तास साठवणुकीचा लिथियम-आयन प्रकल्प सुरू झाला, तेव्हा आम्ही तिघे भागीदार यूपीएसच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या तपासण्याचे आणि बदलण्याचे काम करत होतो. ग्रिडची वारंवारता ढळताच सेकंदाच्या आत वीज देणारी किंवा शोषून घेणारी ही यंत्रणा पाहून, यापुढे ग्रिडच्या बॅटऱ्यांची चाचणी आणि देखभाल करायची, असे आम्ही ठरवले. शेवटी बॅटरी ती बॅटरीच, हा आमचा समज मात्र फार काळ टिकला नाही.

लेड-ॲसिड बॅटरी काही तास स्वस्थ ठेवून व्होल्टेज मोजले की तिच्यात किती चार्ज उरला आहे याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. ग्रिडच्या अनेक बॅटऱ्यांत असणाऱ्या लिथियम आयर्न फॉस्फेट (लिथियम-आयनचाच एक प्रकार) सेलचे व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहते, त्यामुळे निम्मा भरलेला आणि पाऊण भरलेला सेल यांत व्होल्टच्या काही शतांशांचाच फरक दिसतो. म्हणून बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारी नियंत्रण यंत्रणा, आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या प्रवाहाची जमाखर्चासारखी नोंद ठेवते. प्रवाहमापकाची बारीकशी चूकसुद्धा या नोंदीत दिवसागणिक साचत जाते. आमच्या पहिल्याच मोठ्या कामात पडद्यावर भरपूर चार्ज दिसत असताना एक रॅक (एकत्र जोडलेल्या सेलांचे कपाट) बंद पडला आणि आम्ही दोन दिवस इन्व्हर्टर उघडून बसलो. इन्व्हर्टर निर्दोष होता, चुकला होता तो चार्जचा आकडा. आणि ठरावीक काळाने रॅक पूर्ण भरून तो आकडा नव्याने जुळवायचे काम वेळापत्रकात न घालणारे आम्हीच होतो. त्या ग्राहकाने पुढे आम्हाला काम दिले नाही, आणि त्यात त्याचे काहीच चुकले नाही.

२८० अँपिअर-तासांच्या एका सेलमध्ये सुमारे ९०० वॉट-तास ऊर्जा मावते, म्हणजे एका मेगावॉट-तासासाठी अकराशेहून अधिक सेल लागतात. आणि एकसर जोडणीत सर्वांत दुबळा सेल रिकामा झाला की बाकीचे भरलेले असूनही सगळी रांग थांबते. त्यामुळे आम्ही आता सरासरीपेक्षा सेलांमधील तफावत आणि तापमानातील फरक आधी पाहतो.

आकडा जुळवण्यासाठी रॅक सेवेतून बाहेर काढायला लागणारा वेळ करारात लिहून घेतल्याशिवाय आम्ही काम स्वीकारत नाही. या अटीवरून दोन कामे हातची गेली. अट अजून तशीच आहे.