पितृपंधरवड्यातला अपडेट

पितृपंधरवडा लागला की मला बरं वाटतं. घरी हे बोलायची सोय नाही, सासूबाई रागावतील. पण या पंधरा दिवसांत आमच्या कंपनीत कोणी नवीन काही सुरू करत नाही. नवीन लाइन नाही, नवीन सॉफ्टवेअर नाही, कुठल्या मोठ्या साहेबाला ‘गो-लाइव्ह’चा नारळ फोडायचा नसतो. सगळ्यांचे मुहूर्त घटस्थापनेनंतरचे. आमच्यासारख्यांना सर्व्हर रूममध्ये शिरून दार लावून घ्यायला वर्षातून एवढाच काळ मिळतो.

कारखाना चाकणचा, गाड्यांचे सुटे भाग बनवणारा. साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. उद्या बुधवारी दुसरी पाळी सुटली की आमच्या खाजगी क्लाउडचा, म्हणजे कंपनीच्याच सर्व्हरवर चालणाऱ्या क्लाउडचा, अपडेट सुरू होईल आणि शुक्रवारच्या पहिल्या पाळीआधी संपायला हवा. कारभार बघणारे तीन कंट्रोलर, काम ओढणारे बारा कॉम्प्यूट, सेफ (Ceph) नावाच्या स्टोरेजचे पाच सर्व्हर, आणि या सगळ्यावर चालणारी साडेतीनशेच्या आसपास व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरच्या पोटातले सॉफ्टवेअरचे कॉम्प्युटर. हा सगळा डोलारा सांभाळणारं सॉफ्टवेअर म्हणजे रेड हॅट कंपनीचं ओपनस्टॅक, आवृत्ती १७.१. ते आम्ही १७.१.३ वरून १७.१.४ वर नेतोय. दुसऱ्या टिंबानंतरचा आकडा एकाने वाढणार, बस. म्हणून याला ‘मायनर’ म्हणतात. आणि म्हणूनच मीटिंगमध्ये कोणीतरी दरवेळी विचारतं, की मग एवढी तयारी कशाला?

तयारीला तीन आठवडे लागले. अपडेटच्या कमांड एका कागदावर मावतात.

पहिला आठवडा सगळ्यांना एका जागी उभं करण्यात गेला. १७.१ हे आरएचईएल ९.२ वर, म्हणजे रेड हॅटच्याच लिनक्सवर, चालतं, आणि ९.२ आलं मे २०२३ मध्ये. त्यानंतर दर सहा महिन्यांनी ९.३, ९.४ असे पुढचे येत गेलेच. मशीनवर ‘९.२ च्या पुढे जायचं नाही’ असं कुलूप लावलेलं नसेल आणि रेपॉझिटरी (पॅकेजची कोठारं) साध्या असतील, तर लिनक्सची पॅकेज बदलणारा साधा डीएनएफ अपडेटसुद्धा तिला हाताला धरून पुढच्या स्टेशनावर नेऊन सोडतो. आमचं कुलूप होतंच, असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं. माझ्या ज्युनियरने एकेका मशीनवर जाऊन बघितलं आणि संध्याकाळी शांतपणे येऊन म्हणाला, “मॅडम, कॉम्प्यूट चार ९.४ वर आहे.”

झालं असं होतं, की उन्हाळ्यात तिच्या दोन्ही डिस्क बदलल्या तेव्हा मशीन नव्याने उभं केलं, सबस्क्रिप्शन पुन्हा नोंदवलं आणि कुलूप लावायचं राहिलं. राहिलं म्हणजे माझ्याकडून राहिलं, चेंज तिकिटावर सही माझीच आहे. चार महिने ते मशीन बाकीच्या अकरांपेक्षा वेगळ्या कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या वेगळ्या गाभ्यावर, चालत होतं आणि कोणाला पत्ता नव्हता. मागे आणायच्या भानगडीत पडलो नाही. त्यावरची व्हर्च्युअल मशीन चालती असतानाच दुसरीकडे हलवली, कॉम्प्यूट चार पाडून कोरं केलं, पुन्हा जोडलं. दोन दिवस गेले. ज्युनियरने बघितलं नसतं तर बुधवारी रात्री दोन वाजता बघायला मिळालं असतं.

दुसरी गंमत कंटेनर इमेजची. आमच्या ओपनस्टॅकच्या जवळजवळ सगळ्या सेवा कंटेनरमध्ये, म्हणजे आपापल्या बंद डब्यांत, चालतात; हे डबे चालवतो पॉडमॅन, आणि डबा ज्या तयार साच्यावरून बनतो ती इमेज. कुठली इमेज कुठून घ्यायची ते एका वायएमएल फाइलमध्ये लिहिलेलं असतं. आमच्या फाइलमध्ये टॅगच्या, म्हणजे इमेजच्या आवृत्तीच्या चिठ्ठीच्या, पुढे १७.१.३ असं ठोकून ठेवलेलं होतं. हा टॅग तसाच राहिला असता तर सगळं सुरळीत पार पडलं असतं, हिरव्या अक्षरात ‘यशस्वी’ असं आलं असतं आणि कंटेनर तेच जुने. अपयश निदान ओरडून सांगतं; हे असलं यश महिनाभराने लक्षात येतं, तेही सिक्युरिटीवाल्यांचा स्कॅन रिपोर्ट आला की. टॅग बदलला, इमेज आधीच अंडरक्लाउडवर ओढून ठेवल्या. ओढताना डिस्क ९३ टक्के भरली, मग जुन्या इमेज काढल्या. अंडरक्लाउड म्हणजे ज्या एका मशीनवरून बाकीचा क्लाउड उभा केला जातो ते. सुईणच म्हणा. पहिला अपडेट तिचाच असतो, तो आम्ही शनिवारी उरकला.

आता मागच्या वर्षीचं सांगते, कारण यंदाच्या यादीत पहिल्या पानावर जे लाल अक्षरात आहे ते तिथून आलंय.

आमचे तीन कंट्रोलर पेसमेकर नावाच्या सॉफ्टवेअरने एकत्र बांधलेले आहेत. तिघांतला एखादा बोलेनासा झाला, तर उरलेले दोघं मिळून ठरवतात की हा गेला, आणि त्याची वीज तोडतात. खरंच तोडतात, मदरबोर्डवरच्या त्या छोट्या मॅनेजमेंट चिपला सांगून. याला फेन्सिंग म्हणतात. त्या यंत्रणेचं नावच आहे स्टोनिथ: ‘शूट द अदर नोड इन द हेड’. नाव रानटी आहे, पण कारण रास्त. अर्धमेला कंट्रोलर डेटाबेसमध्ये काहीबाही लिहीत बसण्यापेक्षा मेलेला बरा.

एरवी हे आपल्या भल्याचं. अपडेटच्या रात्री मात्र याच्याइतका धोकादायक पहारेकरी नाही. मागच्या वर्षी तिसऱ्या कंट्रोलरवर ओपन व्हीस्विचचं, म्हणजे नेटवर्क जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचं, पॅकेज बदललं आणि त्याचं नेटवर्क काही सेकंद गेलं. तेवढ्यात बाकीच्या दोघांनी पंचनामा करून टाकला. अर्धा अपडेट झालेल्या मशीनची वीज गेली. रात्रीचे १ वाजून ५० मिनिटं. मी स्क्रीनकडे बघतेय, आणि ज्या खिडकीत अक्षरं धावत होती तिथे कर्सर नुसता उभा. बंद होऊन चालू होताना पंख्यांचा जो आवाज येतो ना, विमान सुटल्यासारखा, तो काचेपलीकडून ऐकू आला तेव्हा मला कळलं काय झालंय ते. मशीन परत आलं, पण गॅलेराने, म्हणजे तिन्ही कंट्रोलरवरचा डेटाबेस सारखा ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरने, त्याच्या डेटाबेसवर विश्वास ठेवला नाही आणि सगळा डेटा पहिल्यापासून पाठवायला घेतला. तो सगळा वेळ आम्ही दोन कंट्रोलरवर. आणखी एक गेला असता तर बहुमत गेलं, आणि मग माझी नोकरी. कारण एकच: फेन्सिंग बंद करायची ओळ यादीत होती, पण पान उलटताना सुटली.

त्याहून वाईट पुढे आहे. पहाटे साडेचारला फेन्सिंग बंद केलं, उरलेलं काम निभावलं, घरी जाऊन झोपले. आणि ते पुन्हा चालू करायचं अकरा दिवस विसरले. अकरा दिवस कारखाना पहारेकऱ्याशिवाय चालला. काही झालं नाही हे आमचं नशीब.

म्हणून यंदा झोपवायच्या गोष्टींची वेगळी यादी आहे आणि प्रत्येकीपुढे उठवायची वेळ. सेफचंही तसंच. त्याच्यातली एखादी डिस्क गप्प झाली की तो दहा मिनिटं वाट बघतो, आणि मग तिला हिशोबातून काढून तिच्यावरचा डेटा दुसरीकडे पुन्हा बनवायला घेतो. प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती असतात, त्या तीन ठेवायच्या हा त्याचा धर्म. पण आम्ही स्टोरेजचा सर्व्हर नुसता रीबूट करतोय, आणि त्या सर्व्हरला बारा डिस्का लटकवून उठायलाच कधीकधी दहापेक्षा जास्त मिनिटं लागतात. मग सेफ उगीच धावपळ करतो, नेटवर्क भरतं, सगळी मशीन रडू लागतात. त्यासाठी ‘नोआउट’ नावाचा झेंडा लावायचा: बाबा रे, गेला तरी तो मेला असं समजू नकोस, येतोय. काम झालं की झेंडा उतरवायचा. विसरलात तर खरोखर मेलेल्या डिस्कचीही तो वाट बघत बसेल.

मॅनेजमेंट चिपचे पासवर्ड सगळे टाकून बघितले. वीसपैकी एकोणीस आत गेले. विसाव्याची केबलच निघालेली होती. कोणीतरी रॅकमागे झाडू मारताना ओढली असावी, पण तसं विचारलं तर कोणी सांगत नाही, म्हणून विचारलं नाही. खोचली.

चेंजच्या फॉर्मवर ‘रोलबॅक प्लॅन’ (बिघडलं तर मागे कसं फिरणार) असा एक रकाना असतो. मी लिहिलं: रोलबॅक नाही, बॅकअपवरून पुन्हा उभं करावं लागेल. साहेब म्हणाले, अहो असं नका लिहू, वर पाठवायचंय. मी म्हटलं, सर, वर पाठवायचंय म्हणूनच खरं लिहिलंय. शेवटी ‘कंट्रोल प्लेनची पुनर्स्थापना, अंदाजे सहा तास’ यावर तडजोड झाली (कंट्रोल प्लेन म्हणजे क्लाउडचा कारभार चालवणारा भाग). सहा हा आकडा मी हवेतून घेतला नाही. अंडरक्लाउडचा रिअर (ReaR) नावाच्या सॉफ्टवेअरने घेतलेला बॅकअप एका जुन्या सर्व्हरवर खरंच उभा करून बघितला. पहिल्यांदा उठलाच नाही, कारण नेटवर्क कार्ड वेगळी आणि त्यांची नावं वेगळी. दुसऱ्यांदा उठला. पहिल्या फेरीत जे कळलं ते दोन पानं भरून लिहून ठेवलंय, कारण खऱ्या प्रसंगात तीच दोन पानं हवी असतात आणि तीच सापडत नाहीत.

राहता राहिली ती साडेतीनशे मशीन. नवा कर्नल घ्यायचा तर कॉम्प्यूट सर्व्हर एकेक करून रीबूट करावा लागतो, आणि त्याआधी त्यावरची मशीन चालती असतानाच शेजारी हलवायची. बहुतेक हलतात. डिस्क सेफवर असते, फक्त मेमरी जाते इकडून तिकडे. कॉम्प्यूट नऊवरचं एक मशीन मात्र हलायला तयार नव्हतं. नाव: टेस्ट-फायनल-२. मालक म्हणून ज्याचं नाव, त्याने २०२१ मध्ये कंपनी सोडलेली. सगळ्या विभागांना मेल केले, तीन वेळा. ‘हे मशीन कोणाचं आहे?’ उत्तर शून्य.

मग मागच्या बुधवारी दुपारी ३ वाजून ४० मिनिटांनी मी ते बंद केलं. मालक शोधायची ही सगळ्यात खात्रीची पद्धत आहे, फक्त फॉर्मवर लिहिता येत नाही. बारा मिनिटांत गेटवरून फोन.

“ताई, काटा पावती देईना झालाय. सात गाड्या उभ्या हायेत.”

वजनकाटा! ट्रक काट्यावर चढतो, वजन दिसतं, पण पावती छापायची असेल तर जे सॉफ्टवेअर लागतं ते या टेस्ट-फायनल-२ मध्ये. मी मशीन चालू केलं आणि मग कॉम्प्यूट नऊच्या मागे जाऊन बॅटरी मारली. एका यूएसबी कार्डातून बोटभर लांबीचा पांढरा डोंगल बाहेर आलेला, लायसन्सचा, त्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळलेली आणि टेपवर बॉलपेनने लिहिलेलं: ‘हात लावू नये’. ते कार्ड थेट त्या व्हर्च्युअल मशीनला जोडून दिलेलं. प्रत्यक्ष कार्ड बांधलेलं मशीन असं चालतं-चालतं हलत नाही. कार्ड कसं उडी मारणार दुसऱ्या सर्व्हरवर? म्हणजे कॉम्प्यूट नऊ रीबूट होईल तेवढा वेळ, धरा अर्धा तास, काटा मुका.

मला वाटलं गुरुवारी सुट्टी, काय अडतंय. म्हणून आज दुपारी गेटवर जाऊन काट्यावरच्या काकांना विचारून आले. ते हसले. गुरुवारीच भंगाराच्या गाड्या भरतात म्हणाले, सकाळी दहा ते दोन, सुट्टी असते म्हणून आत जागा मोकळी मिळते. हे आमच्या एकाही कागदावर नव्हतं. कॉम्प्यूट नऊ मी ओढून पहाटे पाचच्या आधी घेतला. पण रात्रीच्या कामाचं काय सांगावं, मागच्या वेळी आम्ही चार तास मागे पडलो होतो, हेही त्यांना सांगितलं.

“मग काय झालं,” म्हणाले, “ह्ये कॉम्प्युटर याच्या आधी काय काटा नव्हता व्हय?” आणि खालच्या ड्रॉवरमधून पावतीपुस्तक काढलं. कंपनीचं जुनं बोधचिन्ह असलेलं, तीन प्रतींचं, अर्धं कोरं. वजन बघून हाताने लिहीन, सही घेईन, शुक्रवारी तुम्ही सिस्टिममध्ये चढवा. फक्त कार्बन वाळलाय.

आत्ता रात्रीचे साडेदहा झालेत. यादी शेवटची वाचून काढली. फेन्सिंग बंद, आणि त्यापुढे: चालू करणे, शुक्रवार सकाळी ६, ज्युनियरने मला फोन करून विचारायचं, मी त्याला. नोआउट लावणे, उतरवणे. कॉम्प्यूट नऊ, पहाटे ४:३०. सगळ्यात खाली आज वाढवलेली ओळ आहे: स्टोअरमधून कार्बन पेपर, एक पाकीट, बुधवारी संध्याकाळी गेटवर पोचवणे.