गोटीवरची गाठ

गोल वस्तूला गिफ्ट पेपर गुंडाळून बघा, कितीही जपून करा, कुठेतरी चुण्या पडतातच. दोरीचं तसं नाही, ती गोलाला अशी बिलगते की सुरुवात कुठे नि शेवट कुठे ते शोधत बसावं. कीचेनला लटकलेली ती दोरीची गुबगुबीत गोळी असते ना, मंकीज फिस्ट, ती मूळची बोटीवरची. जहाज धक्क्याला लागताना जाडजूड दोर काही हाताने भिरकावता येत नाही, म्हणून आधी बारीक दोरी फेकतात आणि ती लांब जावी म्हणून तिच्या टोकाला ही गाठ. पूर्वी खलाशी आत शिसं नाहीतर लोखंडी नट भरायचे, म्हणजे खाली झेलणाऱ्याच्या टाळक्याची काही खैर नाही! ब्रिटनमधले जहाजांचे सुरक्षा नियम आता सांगतात की गाठीत निव्वळ दोरीच हवी, वेगळं वजन नको.

घरी गोटी आणि चार एमएमची पॅराकॉर्ड, म्हणजे पॅराशूटला वापरतात तसली नायलॉनची दोरी, पुरे. तीन वेढे उभे, त्यांच्यावरून तीन आडवे, आणि शेवटचे तीन दुसऱ्यांच्या बाहेरून पण पहिल्यांच्या आतून. म्हणजे पहिला दुसऱ्याच्या आत, दुसरा तिसऱ्याच्या आत आणि तिसरा परत पहिल्याच्या आत, डोकं गरगरतं पण होतं बुवा. गणितवाल्यांच्या बोरोमियन रिंग्जची, म्हणजे एक काढली की बाकीच्या दोन आपोआप सुटतात अशा तीन अडकलेल्या कड्यांची, मांडणी हीच.

बांधणं पाच मिनिटांचं, खरा वेळ खातं ते आवळणं. एका वेढ्यातला ढिलेपणा ओढून काढला की तो निमूट पुढच्या वेढ्यात जाऊन बसतो, तिथून हुसकला की त्याच्या पुढच्यात, असं करत करत त्याला टोकापर्यंत हाकलत न्यायचं. एकदम जोर लावला की आठ कोपऱ्यांपैकी एखाद्यातून गोटी बाहेर डोकावलीच समजा. मला तर आवडतं हेच, टीव्ही बघत निवांत चालतं.

गोटीपेक्षा मोठं काही मढवायचं तर टर्क्स हेड, वेणीसारखी गोल फिरत विणलेली गाठ. तिथे मात्र आकडे आडवे येतात, पदर तीन आणि कडेची वळणं पाच असली तर एकाच दोरीत जमतं, पण तीन आणि सहाला नाही, कारण दोघांना तीनने भाग जातो आणि दोरी अर्ध्यातच परत सुरुवातीला येऊन टेकते. क्लिफर्ड ॲशली या अमेरिकन माणसाने १९४४ साली गाठींचा जाडजूड ग्रंथच काढला, त्यात असले प्रकार ढिगाने आहेत.

विकतच्या कीचेनमध्ये टोकं लायटरने वितळवून चिकटवलेली असतात, ते काही मला पटत नाही. टोक आत सरकवून गाठीखाली दडवलं तरी सुटत नाही. आणि सुतळी नका घेऊ, खरखरीत असते, आवळताना सरकतच नाही.