निवेदनाआधीचा आकडा

छोट्या कारखानदारांसाठी मी निवेदनं आणि भाषणं लिहिते. त्यामुळे एक प्रश्न सतत येतो, परवा तुम्हीही तोच विचारलात: अडचणीच्या वेळी मालकाने असं काय बोलावं, की लोकांचा विश्वास बसेल?

काही वर्षांपूर्वी एका लोणचंवाल्या उद्योजकाचा रात्री साडेदहाला फोन आला. त्यांच्या बरणीतल्या बुरशीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर गावभर फिरत होता. ‘मॅडम, दोन ओळी लिहून द्या. माल आमच्याकडून चांगलाच जातो, दुकानदार उन्हात ठेवतात, हे जरा नीट शब्दांत.’ मी विचारलं, ‘दादा, त्या दिवशी भरलेल्या किती बरण्या बाहेर आहेत?’ पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.

मला तेव्हा २००३चा ऑक्टोबर आठवला. मुंबईत कॅडबरी डेअरी मिल्कच्या वड्यांमध्ये अळ्या सापडल्या, राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने कारवाई सुरू केली आणि दिवाळी तोंडावर होती. दोष दुकानातल्या साठवणुकीचा, असं कंपनी म्हणाली. मग वेष्टनाचं काय, असा प्रशासनाचा सवाल होता. कंपनी खोटं बोलत होती असं मला वाटत नाही. चॉकलेट दुकानात कसंही ठेवलं जातं, हे आपण सगळे पाहतो. पण पोराच्या हातात वडी देणाऱ्या आईला कारखान्याची हद्द कुठे संपली आणि दुकानदाराची कुठे सुरू झाली, याच्याशी काय देणंघेणं? तिला एवढंच कळायला हवं असतं की ही वडी देऊ की नको. त्याचं उत्तर न मिळाल्यावर तिने घेणंच थांबवलं. पुढे कंपनीने ‘विश्वास’ नावाने मोहीम काढून दुकानदारांना साठवणूक शिकवली आणि २००४च्या सुरुवातीला वडीचं वेष्टनच बदललं, आत अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, तीही सीलबंद. जाहिरातीत अमिताभ बच्चन आले. लोकांच्या लक्षात बच्चन राहिले, माझ्या लक्षात ती फॉइल. जुन्याच कागदातली वडी हातात घेऊन त्यांनी भरवसा दिला असता, तर तो आवाजही कमी पडला असता असं मला मनापासून वाटतं.

याहून अवघड प्रसंग शिकागोचा. सप्टेंबर १९८२च्या अखेरीस तिथे टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूल घेऊन सात जण मेले. कुणीतरी कॅप्सूलमध्ये सायनाइड भरून बाटल्या दुकानांत ठेवल्या होत्या. हे औषध विकणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनला ‘आमचा काय दोष’ म्हणण्याचा पुरता हक्क होता. पण अध्यक्ष जेम्स बर्क यांनी अमेरिकाभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. खर्च १० कोटी डॉलरच्या वर गेला. ते टीव्हीवर स्वतः प्रश्नांना सामोरे गेले, आणि काही आठवड्यांतच तिहेरी सीलची बाटली बाजारात आली. वर्षभरात गिऱ्हाईक बरंचसं परतलं. १९८६ मध्ये न्यूयॉर्कजवळ पुन्हा एक मृत्यू झाला, तेव्हा त्यांनी दुकानांतून मिळणाऱ्या कॅप्सूलच बंद केल्या. बर्क छान बोलत, हे खरं. पण माणसं ऐकत होती, कारण बोलण्याआधी त्यांनी काय सोडलं ते दिसत होतं.

आपल्या निवेदनांच्या मराठीविषयीही मला बोलायचंय. आपल्या भाषेत कर्ता लपवणं फार सोपं आहे. ‘नजरचुकीने घडले’, ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’, ‘कार्यवाही सुरू आहे’. कुणाच्या नजरेची चूक, कोण करतंय कार्यवाही, कधीपर्यंत? गावातला माणूस अशी वाक्यं ग्रामपंचायतीपासून बँकेपर्यंत आयुष्यभर ऐकत आलेला असतो. पहिल्याच ओळीला तो ओळखतो की यांना आपल्याला काही सांगायचं नाहीये. ‘आम्ही बरण्या नीट वाळवल्या नाहीत’ हे वाक्य मालकाच्या तोंडून निघायला जड जातं, म्हणूनच ते ऐकणाऱ्याला पटतं.

त्या रात्री एकच्या सुमाराला दादांचा परत फोन आला. चारशे तीस बरण्या, एकवीस दुकानं. सकाळी त्यांनी कारखान्यातच उभं राहून मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड केलं: कुठल्या तारखेची बरणी, ती खाऊ नका, दुकानात द्या, पैसे लगेच मिळतील, दुकानदाराला मी देतो. मी फक्त एक वाक्य काढायला लावलं, ‘काही लोक मुद्दाम बदनामी करत आहेत’ हे. टेम्पो तीन दिवस फिरला. किती बरण्या परत आल्या तो आकडा ते रोज संध्याकाळी त्याच ग्रुपवर टाकत राहिले. चौथ्या दिवशी ज्या बाईंनी पहिला फोटो टाकला होता, त्यांनीच खाली लिहिलं, ‘माझी धरलीत ना?’

तेव्हा तुमच्या निवेदनाचा मसुदा मी जरूर बघेन. पण आधी माल किती बाहेर आहे, तो आकडा पाठवा.