तुम्ही विचारलंत म्हणून: चार ‘च्या’ आणि एक घाम

‘माहितीपर लेख लिहायला घेतला की तो पाठ्यपुस्तकासारखा होतो. तुम्ही काय करता?’ असं बरेच जण विचारतात. माझाही तसाच व्हायचा. पहिला खर्डा तर अजूनही तसाच होतो.

घामावरच्या एका लेखात मी लिहिलं होतं, ‘घर्मबिंदूंच्या बाष्पीभवनाच्या प्रक्रियेच्या माध्यमातून शरीराच्या तापमानाचे नियमन केले जाते.’ चूक एकही नाही, ‘च्या’ मात्र चार. मला ते भारदस्त वाटलं होतं. भाचीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘म्हणजे घाम सुकताना गार वाटतं, तेच ना मावशी?’

तेच. घाम सुकताना अंगातली उष्णता घेऊन जातो. माझ्या वाक्यात घाम सुकतच नव्हता. कुणीतरी कसलं तरी नियमन करत होतं, आणि कोण ते वाक्यालाही ठाऊक नव्हतं. आता ‘च्या माध्यमातून’, ‘केले जाते’, ‘सदर’ दिसलं की मी थांबते आणि बघते, इथे नक्की कोण काय करतंय?

पण शब्द सोपे केले की झालं, असंही नाही. आपल्याला विषय कळलेला असतो आणि तो कळायच्या आधी आपलं काय होत होतं, हे आपण साफ विसरतो. १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एक प्रयोग केला. काहींनी ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा, इतरांनी गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी तरी ओळखतील. १२०पैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खी चाल चालू असते, ऐकणाऱ्याच्या वाट्याला नुसती टकटक. माझे घर्मबिंदू म्हणजे टकटकच होती.

म्हणून खर्डा कुणाला तरी वाचून दाखवते, शक्यतो त्यातलं काही न कळणाऱ्याला. ‘छान झालंय’ हे ऐकून सोडून द्यायचं. चुळबुळ कुठे झाली आणि मधेच प्रश्न कुठे आला, तेवढं टिपायचं. पहिला परिच्छेद बहुधा काढूनच टाकते, नमनालाच घडाभर तेल गेलेलं असतं.

भाचीनं त्या दिवशी पुढे विचारलं होतं, ‘मग दमट हवेत एवढा घाम येतो, तरी गार का वाटत नाही?’ याचं उत्तर माझ्या लेखात होतं, सातव्या परिच्छेदात: हवेत आधीच भरपूर बाष्प असलं की घाम लवकर सुकत नाही, नुसता निथळत राहतो. लेख पुन्हा लिहिला, तिच्या प्रश्नापासून. मधले तीन परिच्छेद लागलेच नाहीत.