इलॅस्टेजची तपासणी: माझा अनुभव

स्वादुपिंडाच्या दुखण्यात रक्तातलं अमायलेज आणि लायपेज, म्हणजे अन्न पचवणारी त्याची एन्झाइम, बघतात, हे मला मागच्या आजारपणातच कळलं होतं. तेव्हा पोटातली कळ थेट पाठीत जायची आणि दोन्ही आकडे नॉर्मलच्या तिपटीच्या वर गेले होते. अमायलेज काही दिवसांत उतरतं, लायपेज आठवडाभर किंवा जास्तही चढलेलं राहतं. दुखणं अंगावर काढून उशिरा दवाखान्यात जाणाऱ्यांना लायपेजचाच आधार.

या पावसाळ्यात मात्र कळ नव्हती. जेवण व्यवस्थित, तरी वजन उतरत होतं. शौचाला फिकट, तेलकट, भांड्याला चिकटून बसणारं. पाणी ओतून ओतून जाईना. गुहागरात रक्त तपासलं, दोन्ही एन्झाइम नॉर्मल. घरच्यांचा जीव भांड्यात पडला.

चिपळूणचे डॉक्टर तेवढ्यावर थांबले नाहीत, याचं मला फार मोल वाटतं. ते म्हणाले, स्वादुपिंडाच्या ग्रंथीला सूज आली की एन्झाइम रक्तात उतरतात. पण ग्रंथीच झिजली असेल तर उतरायला फारसं उरत नाही. आतड्यात किती एन्झाइम पोचतंय ते बघायला मल तपासावा लागतो. त्यातलं इलॅस्टेज, हेही स्वादुपिंडाचंच एक एन्झाइम, मोजतात, कारण आतड्यातून जाताना ते फारसं मोडत नाही.

लॅबमधल्या ताईंनी डबी दिली आणि बजावलं, "दादा, पाण्यासारखं झालं तर त्या दिवशी नका आणू. आकडा उगाच कमी येतो." आमचा संडास भारतीय पद्धतीचा, भांड्यात पाणी. म्हणून कोरड्या जागी प्लास्टिक अंथरलं, लघवी आधीच उरकली आणि झाकणाला लावलेल्या चमच्याने थोडा मल उचलला. संकोच वाटतो, पण हे नीट केलं नाही तर सगळी खटपट फुकट. त्यात लाईट गेलेली, फ्रिज बंद. वेलदूरच्या मच्छीवाल्याकडून बर्फ आणला, डबी दोन पिशव्यांत बांधून त्यात ठेवली आणि सकाळची एसटी पकडली. पुढे नमुना मुंबईला गेला. तिथे बरेच नमुने जमले की एकदम लावतात, म्हणून रिपोर्टला वेळ लागला.

एक ग्रॅम मलात 200 मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर ठीक, 100 च्या खाली म्हणजे कमतरता बरीच. माझा आकडा 100 च्या आत होता.

आता एन्झाइमच्या कॅप्सूल चालू आहेत, जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर. त्या डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवतात. आई माळकरी, एका घरात राहून तिच्यापासून लपवणं मला पटेना. ती जरा गप्प राहिली, मग म्हणाली, "औषध आहे ना? मग घे."

इलॅस्टेजची तपासणी पुन्हा करायची झाली तरी कॅप्सूल बंद करावी लागत नाही. ती माणसाचंच इलॅस्टेज पकडते. आता साखर आणि व्हिटॅमिन डी तपासायचंय. स्वादुपिंड झिजलं की दोन्हींवर परिणाम होऊ शकतो, असं डॉक्टरांनी सांगितलंय.