बसण्याचे पैसे

कोजागिरीच्या दुधाचे पेले अजून विसळायचे होते, तेवढ्यात धाकट्या काकांनी जाहीर केले की यंदा दिवाळी आटोपली की सगळ्यांनी मिळून खोपोलीजवळच्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानाला जायचे, आणि तेही अगदी निवांत. सगळे म्हणजे कोथरूडचे आम्ही चौघे, सिंहगड रस्त्यावरचे काका-काकू, पिंपळे सौदागरचा चुलतभाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुले, नाशिकहून येणारी बहीण, तिचे यजमान व मुलगी, आणि 78 वर्षांची आत्या. पुण्याहून द्रुतगती मार्गाने हे अंतर ऐंशी किलोमीटरच्या आसपास. म्हणजे प्रवासाचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो चौदा माणसांना एकाच दिवशी निवांत करण्याचा.

तारखेपासूनच सुरुवात झाली. शनिवार-रविवार घाटात वाहनांची रांग लागते, दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्टीत आत रांगा लागतात, तेव्हा नोव्हेंबरअखेरचा एखादा मंगळवार धरावा आणि मुलांनी एक दिवस शाळा बुडवावी, असे ठरले. (आम्हाला तापातही शाळेत पाठवणाऱ्या पिढीने हा ठराव एकमताने संमत केला, हे येथे नोंदवून ठेवतो.) सतरा आसनांची टेम्पो ट्रॅव्हलर सांगून झाली, गाडी लागणाऱ्यांसाठी पुढची आसने राखून झाली, आणि मग काकूंनी भिंतीवरच्या कालनिर्णयचे पान उलटले. त्या मंगळवारी संकष्टी होती, म्हणजेच अंगारकी. घरातल्या तिघींचा उपवास, आणि तो सुटणार चंद्रोदयानंतर, रात्री नऊच्या सुमारास, बहुधा लोणावळ्याच्या आसपास कोठेतरी. सहल बुधवारवर गेली.

काका एका कारखान्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यामुळे निवांतपणाचेही त्यांनी वेळापत्रक केले. सकाळी सव्वासहाला कोथरूड, साडेसहाला चांदणी चौक, दहाला फाटक, आणि त्यापुढे प्रत्येक राइडला मोजून पंचवीस मिनिटे. नायट्रो नावाच्या रोलर कोस्टरवर त्यांनी विशेष टीप लिहिली होती. पायाखाली तळच नसलेल्या त्या आसनांचे चित्र दाखवून ते मुलांना म्हणाले, "याला इंजिन नसतं. साखळी फक्त पहिल्या चढावर ओढून नेते, पुढचं सगळं गुरुत्वाकर्षण. म्हणून पुढचा कुठलाच चढ पहिल्यापेक्षा उंच ठेवता येत नाही." काकू शेंगा सोलत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "मग आपली सहलही तशीच करा की. सकाळी एकदा गाडीत ढकला आणि मग द्या सोडून."

काकांचा हा वेळापत्रकाचा ध्यास मला ठाऊक होता, कारण त्याचे मूळ मी पाहिलेले आहे. गोराईचे एस्सेल वर्ल्ड 1989 साली सुरू झाले आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आमचे सगळे घर तेथे एका दिवसात जाऊन आले होते. पहाटेच्या सिंहगड एक्सप्रेसने दादर, तेथून लोकलने बोरिवली, मग लाँचने खाडी ओलांडून पलीकडे. आत शिरल्याक्षणी वडिलांनी आणि काकांनी एकूण तिकिटांची रक्कम राइडच्या संख्येने भागली, आणि मग आम्हा मुलांना एका पाळण्यातून उतरवून दुसऱ्यात बसवण्याचे काम संध्याकाळपर्यंत अखंड चालले. एका गोल फिरणाऱ्या झोपाळ्यानंतर मला उलटी झाली, तेव्हा वडिलांनी पाठीवरून हात फिरवत विचारले होते, "अजून तीन राहिल्यात, जमेल ना?" परतताना लाँचमध्ये मोठी माणसे एकमेकांशी बोलत नव्हती. पैसे मात्र वसूल झाले होते.

निवांतपणाचा खरा वैरी गर्दी नसून हे ‘वसूल’ आहे, असे मला त्या दिवसापासून वाटत आले आहे. सर्व राइडचे मिळून एकच तिकीट घेतले की माणसाच्या मनात हिशेबाचे मीटर सुरू होते. कॅलिफोर्नियातील डिस्नीलँड 1955 साली उघडले, पण तेथेही आरंभी ही पद्धत नव्हती. आत शिरल्यावर प्रत्येक राइडसाठी कुपन फाडून द्यावे लागे, त्या कुपनांच्या ए, बी, सी अशा श्रेणी होत्या आणि पुढे त्या ई पर्यंत पोहोचल्या. ही कुपने 1982 साली बंद झाली. प्रत्येक वेळी कुपन द्यावे लागले की माणूस क्षणभर थांबतो आणि हे मला खरोखरच हवे आहे का, असे स्वतःला विचारतो. एका तिकिटात सगळे मिळाले की तो प्रश्नच पडत नाही. मग जे नको असते तेही घ्यावेसे वाटते. लग्नाच्या बुफेत आपले नेमके हेच होते.

आमच्या लहानपणी पुण्याच्या पेशवे उद्यानात फुलराणी होती, आणि तेथे जाऊन तिच्यात बसायचे, एवढेच करायचे होते. 1956 सालापासून धावणारी ती छोटी गाडी, तिचे छोटे स्थानक, एका फेरीचे एक तिकीट. हत्ती-वाघ पुढे 1999 साली कात्रजला गेले, पण आमच्या वेळी ते तेथेच होते. आजी स्थानकाजवळच्या एका बाकावर बसायची, शेजारी दशम्यांचा डबा आणि आम्हा सगळ्यांच्या चपला. गाडी वळण घेऊन परत स्थानकाशी येऊ लागली की आम्ही दुरूनच आजीचे निळे लुगडे शोधायचो आणि ते दिसले की हात हलवायचो. गाडीची मजा निम्मी त्या हात हलवण्यात होती, हे मला फार उशिरा कळले. आजी फुलराणीत कधी बसली नाही. बसावेसे तिला वाटले होते का, हे आम्ही कोणी विचारलेही नाही.

म्हणूनच आत्याच्या तिकिटाची चर्चा निघाली तेव्हा मी कान टवकारले. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आत्या कोणत्याही राइडमध्ये बसणार नव्हती. चुलतभावाने हिशेबाची बाजू मांडली: ज्येष्ठांच्या तिकिटातली सवलत धरली तरी नुसते आत जाऊन बसण्यासाठी एवढे पैसे मोजायचे का? बोलणे स्वयंपाकघरात चालले होते आणि आत्या बाहेर पेपर वाचत होती. ती तेथूनच म्हणाली, "बालगंधर्वला नाटकाला जातो तेव्हा काय उभ्यानं बघतो का रे? तिथंही बसायचेच पैसे देतो."

तो विषय तेथेच मिटला, आणि त्यातूनच एकंदर बेताची दिशाही बदलली. वेळापत्रक बाजूला ठेवून काकांनी नवा कागद घेतला आणि त्याच्या मध्यभागी एक चौकोन काढून त्यात ‘बाक’ असे लिहिले. सावलीतला एक बाक धरायचा, तेथे आत्या, पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या राहणार. ज्याला ज्या राइडला जायचे त्याने जावे, दमला की परत यावे. एका वेळी दोघांनी तरी बाकापाशी असावे, म्हणजे आत्याला सोबत आणि सोबत करणाऱ्याला विश्रांती. दुपारी दीड वाजता सगळ्यांनी जेवायला जमावे, एवढीच काय ती वेळेची अट. बाहेरचे खाणे अशा ठिकाणी आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे तिखटमिठाच्या पुऱ्या गाडीतच संपवायच्या, हे पोटकलम काकूंनी घातले.

सर्वांत अवघड वाटाघाट चुलतभावाच्या सहा वर्षांच्या मुलाशी झाली. राजासॉरसच्या राइडसाठी तो हटून बसला होता, कारण हा डायनासोर आपल्या देशातला, त्याची हाडे गुजरातेत सापडली आणि त्याला हे नाव 2003 साली मिळाले, एवढे सगळे त्याला तोंडपाठ होते. पण राइडच्या दाराशी उंचीची पट्टी असते. वहिनीने शिवणाची टेप काढली, त्याला दाराच्या चौकटीला टेकवून उभे केले आणि डोक्यावर पुस्तक आडवे धरून पेन्सिलीची खूण केली. एकशे चौदा सेंटिमीटर. त्याने थोडा विचार केला, आतल्या खोलीत गेला आणि जाड तळाचे पावसाळी बूट घालून परत येऊन पुन्हा चौकटीला टेकला. एकशे सतरा. नोव्हेंबरात पावसाळी बूट का, हे प्रवेशद्वारापाशी कोणी विचारले तर काय सांगायचे, ते त्याचे अजून ठरलेले नाही.

परवा बहिणीच्या ओळखीतल्या कोणीतरी तेथून एक छायाचित्र पाठवले: झाडाखालचा बाक, शेजारी पाण्याची सोय, समोर लहान मुलांचे फिरते घोडे. सगळ्यांनी अंगठे दाखवले. आत्याने भ्रमणध्वनी हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, दोन बोटांनी चित्र मोठे केले आणि बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "जागा छान आहे. पण याला पाठ दिसत नाही."

काल काकांनी यादीत एक उशी वाढवली आहे.