चिऊताईचा आवाज

मंगळवार, रात्री

भिडे पूल पुन्हा पाण्याखाली, शाळेला सुट्टी. दुपारभर टीव्ही तरी किती लावणार, म्हणून जोडीदार हरवलेल्या मोज्यांची पिशवी काढली. काळा मोजा मात्र त्यातला नव्हता. खालच्या खणातला, बाबांचा. असो.

टाच मुठीवर येईल असा हात घालायचा. चार बोटं वर, अंगठा खाली, मधलं कापड आत दाबलं की तोंड तयार. आत पुठ्ठ्याचा लंबगोल दुमडून चिकटवला की ते नीट मिटतं. डोळ्यांना बटणं लावणार होते, पण धाकटी सगळं तोंडात घालते. मग फेल्टचे तुकडे डकवले. चोची जुन्या लग्नपत्रिकेच्या. काळ्या मोज्याचा काऊ, तपकिरीची चिऊ.

काऊ मोठ्या मुलाने घेतला. शेणाचं घर वाहून गेलेलं, दारात भिजतोय. "चिऊताई चिऊताई, दार उघड!"

"थांब हं, माझ्या बाळाला तीट लावते."

अर्धवटरावाला बोलवणाऱ्या रामदास पाध्यांच्या थाटात ओठ न हलवता बोलायला गेले, ते काही जमलं नाही. पण आवाज लागला. गोड, घाईतला, जरा लांबून आल्यासारखा.

मोठा थबकला. "आई, हा तुझा मामाशी बोलायचा आवाज आहे."

आणि लगेच पुढे, "चिऊताई चिऊताई..." त्याचं झालं तेवढ्यावर.

तेव्हापासून तो आवाज कानातून जात नाही. भांडी घासताना दोनदा काढून पाहिला. कामं काय मला कमी आहेत? दोन मुलं, एकटीचं घर, वर शनिवार पेठेतल्या त्या कागदांवर सारखं मीच बोलायचं. आंघोळ, तीट, पावडर, सगळं खरंच असतं हो. चिऊताई खोटं कुठे बोलते? पण खरं बोलायलाही असा आवाज का लागतो? दादाचा रविवारी फोन आला तेव्हा मी 'बघते, कळवते' म्हटलं, तेही याच सुरात. मोठा बाजूलाच गणितं करत होता म्हणे. कार्टं सगळं ऐकतं.

बाबा असते तर हसले असते. त्यांच्या मोज्याला पत्रिकेची चोच.

साडेनऊला मीच फोन लावला. आवाज आधी खाकरून साफ केला, जाड केला.

दादा म्हणाला, "थांब हं, जेवतोय, हात धुतो नि करतो."

हुबेहूब तोच सूर. साडेदहा वाजले. काऊ अजून सोफ्यावर पडलाय, तोंड उघडं टाकून.